सकाळचा नमुना

वेल्हे,
२ ऑगस्ट २०२५

संपतदादास,

मोहिनीचा नमस्कार. पत्र फाडायच्या आधी एवढं वाच, की मी पैसे मागत नाही आणि घरी चल असंही म्हणत नाही. आबा बरे आहेत. म्हशी बऱ्या आहेत. मी तेवढी बरी नाही.

मला पुण्याला मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या डिग्रीला सीट लागली आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासायचं शिक्षण. एनटीच्या यादीत नाव आलं. आपल्या अख्ख्या धनगरवाड्यात बारावी सायन्स झालेली मी एकटीच, म्हणजे पहिली पण मी आणि शेवटची पण मी. नोकरी लवकर लागते म्हणतात, म्हणून फॉर्म भरला. दुसरं काही कारण नाही.

अडलंय ते जात पडताळणीवर. एकवीस ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत प्रकरण दाखल केल्याची पावती कॉलेजात दिली नाही, तर सीट यादीतल्या पुढच्या पोरीला जाते. ती पुढची पोरगी मला रोज स्वप्नात दिसते, चांगले कपडे घालून बसलेली असते.

पडताळणीला एकसष्ट सालाच्या आधीचा जातीचा पुरावा मागतात. सेतूतल्या बाईंनी विचारलं, आजोबांचा शाळेचा दाखला? मी म्हटलं, बाई, आजोबा शाळेच्या मागच्या रानात गुरं चारायचे, तेवढाच त्यांचा शाळेशी संबंध. जमीन नाही, सातबारा नाही. त्या हसल्या नाहीत. पण एक सांगितलं, घरातल्या कुणाची पडताळणी आधी झाली असेल तर त्याच्यावर काम होतं. तुझी झाली आहे. डिप्लोमाला लागलास तेव्हा वनखात्याची जुनी चराईची पावती कुठून कुठून धुंडाळून तू तो दाखला काढला होतास आणि घर सोडताना सगळी फाईल घेऊन गेलास. मला त्या दाखल्याची प्रत हवी, आणि वेल्ह्याच्या तहसीलला येऊन तू वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आबांशी गाठ पडणार नाही, याची जबाबदारी माझी.

तुझा फोन लागत नाही. लागतो, पण माझ्या नंबरवरून नाही. म्हणून हे पत्र प्रेरणा आणून देईल. माझ्या वर्गातली आहे, शिवऱ्याचीच. तुझ्या टायरच्या दुकानासमोरून रोज एसटीला जाते.

तुझी,
मोहिनी


वेल्हे,
६ ऑगस्ट

दादा,

प्रेरणानं सांगितलं. तू पत्र वाचलंस, घडी घातलीस, खिशात ठेवलंस आणि ट्रकचं चाक खोलायला बसलास. नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडलं नाहीस. तिनं विचारलं, काही निरोप? तर म्हणालास, "हवा भरायची का सायकलीत?" तिच्याकडे सायकल नाही, दादा.

तुझा राग मला कळतो. आई हॉस्पिटलात असताना तू होस्टेलवरून आलास, आणि ती गेल्यावर दहाव्याच्या आधीच खाली दवाखान्यात जाऊन लॅबवाल्या केशव सरांच्या डोक्यात लोखंडी स्टूल घातलंस. आईची थुंकी त्यांनी तपासलीच नाही, नाहीतर दोन महिने आधी टीबी कळला असता, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आठ दिवसांत जीव गेला नसता, असं तुझं म्हणणं. सरकारी माणसाला मारलं म्हणून केस झाली, डिप्लोमा सुटला. आणि दुसऱ्या दिवशी आबांनी चौकीत सगळ्यांच्या देखत त्याच केशव सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. तू गजांतून पाहिलंस. जामीन झाला तसा तू जो गेलास तो गेलास. आजी वारली तेव्हाही आला नाहीस.

सरांच्या रजिस्टरात 'नमुना पुन्हा मागवला' असं लिहिलेलं निघालं, तर तू म्हणतोस ते त्यांनी मागाहून लिहिलं. आशाताई म्हणाल्या, मी चिठ्ठी मोहिनीकडे दिली होती. तू मला विचारलंस, मी नाही म्हटलं, तू त्यांनाही खोटं ठरवलंस. मी तेव्हा बारा वर्षांची. मला या सगळ्यातलं काय कळणार.

पण त्याची शिक्षा मला कशाला? आबांवरचा राग आबांवर काढ ना. मी रोज दोन तास चालून वेल्ह्याच्या कॉलेजला आले-गेले. ओढ्याला पाणी आलं की दप्तर डोक्यावर घ्यायचं. गुरांमागं बसून केमिस्ट्री वाचली. हात जोडते. शनिवारी राखीपौर्णिमा आहे, पण पाकिटात राखी घातलेली नाही. तुला ती लाच वाटेल, आणि खरं सांगायचं तर असतीही.

पंधरा दिवस राहिलेत.

मोहिनी


वेल्हे,
११ ऑगस्ट

दादा,

तुझा निरोप मिळाला. दुकानाच्या कार्डाच्या मागं लिहिलेला. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, र ला ओढ दिलेली. तीनदा वाचलं. 'सही करीन. पण २८ तारखेला कोर्टात येऊन सांगायचं, थुंकीची डबी मी दिली होती, चिठ्ठीबिठ्ठी काही आली नाही, त्या माणसानं तपासलंच नाही.' वकिलांनी तुला सांगितलं असणार, की घरातली साक्ष नसेल तर या वेळी तू सुटत नाहीस.

ठीक आहे. सांगेन.

डबी आशाताईंच्या हातात मीच दिली होती, हे तर खरंच आहे. पुढची दोन वाक्यं म्हणायला किती वेळ लागतो. केशव सर तसेही आता रिटायर होतील. तू सुटशील, मी शिकेन. एका बाणात दोन पाखरं. तू मंगळवारी, बारा तारखेला, येतोस का? नाहीतर बुधवारी? पंधराला झेंडावंदन, मग शनिवार-रविवार. हातात दिवसच नाहीत. तू फक्त ये. मी म्हणशील ते म्हणेन. मला सीट पाहिजे दादा, आता याच्या पलीकडे मला काही दिसत नाही. इथं राहिले तर मार्गशीर्षात माझं लग्न लागेल. आबांना दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. एक तर आपल्याच मामाचा मेहुणा, त्याला माझ्यापेक्षा म्हशीची दाढ जास्त चांगली ओळखता येते.

कोर्टात काय कपडे घालून यायचं ते पण सांग.

मोहिनी


१४ ऑगस्ट

दादा,

सोमवारचं पत्र खोटं आहे. मी कोर्टात ते सांगणार नाही. तू आला नाहीस तेच बरं झालं, नाहीतर सही घेऊन मी गप्प बसले असते. माझी मला खात्री आहे, बसले असते.

काल आबांना म्हटलं, अठ्ठावीसला दादाच्या केसमध्ये साक्षीला जायचंय. आबा धारेला बसले होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "काय सांगनार?" मी म्हटलं, केशव सरांनी तपासलं नाही म्हणून. तेव्हा बादली बाजूला ठेवली. "खोटं बोलायचं न्हाई. आन खरं बी बोलू नगस. खरं म्या गिळलंय." मी म्हटलं, कसलं खरं? तर म्हणाले, "तुज्या आज्जीनं मला समदं सांगितलं हुतं, संपतला धरून नेला त्याच दिशी. म्या त्या माणसाच्या पायावर डोकं ठिवलं ते काय हौस म्हून?"

दादा, मला वाटत होतं ही गोष्ट आजीबरोबर गेली. आता फक्त मला माहीत आहे, आणि मी कधी सांगणार नाही, असंच धरून चालले होते. आणि आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं नाव येऊ नये म्हणून त्यांनी तुला जाऊ दिलं. तू त्यांना बायकोच्या मारेकऱ्याचे पाय धरणारा म्हणालास, तेही ऐकून घेतलं. मी म्हटलं, आबा, दादाला का नाही सांगितलं? म्हणाले, "त्यो ल्योक हाय, कुठं बी जगंल. तू बारा वर्साची व्हतीस." आणि परत धारेला बसले. मी गोठ्यातच उभी राहून रडले.

आता ऐक. त्या वर्षी दिवाळीच्या आधी आईचा खोकला थांबेना म्हणून आशाताई दोन डब्या देऊन गेल्या. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर आईचं नाव. त्याच महिन्यात आपल्या दोन म्हशी पाठोपाठ मेल्या होत्या आणि देवऋषानं घरावर करणी आहे म्हणून सांगितलं होतं. आजीनं डब्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "थुकी, नख, क्यास परक्याच्या हाती द्याचं नस्तंय." आई म्हणाली, "आत्याबाई, डाक्टरची डबी हाय." आजी म्हणाली, "डाक्टरच्या हाती जायाच्या आधी धा हातांतनं जाती." तिनं मला जवळ बोलावलं. तिचा हिशोब पक्का होता. "नाव सारजीचं, थुकी पोरीची. करनी बसंल कुनावर? दोगीबी मोकळ्या."

दोन्ही डब्या मी भरल्या. मला त्याची गंमत वाटली होती, हेही लिहिते. चिंचेचा कोळ आठवून आठवून तोंडाला पाणी आणलं. आईनं अडवलं नाही. पदर तोंडाशी धरून खोकत बसली होती, आणि आजीपुढं ती कधी बोलली होती?

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवलं होतं. एवढंच पाठवावं असं वाटलं. म्हणजे सगळं आजीवर गेलं असतं आणि मी लहान ठरले असते. पण अजून आहे.

चिठ्ठी आली होती. आशाताईंनी शाळेत माझ्याच हातात दिली. 'नमुन्यात नुसती लाळ आहे, बेडका नाही. सकाळी उठल्याबरोबर छातीतून खोकून काढलेला नमुना पुन्हा पाठवा.' खाली केशव सरांची सही. त्यांनी तपासलं होतं दादा. इतकं नीट तपासलं होतं, की हा खोकणाऱ्या माणसाचा बेडका नव्हे हे त्यांना कळलं. घरात वाचता येणारी मी एकटी. मी आजीला वाचून दाखवली. "आता न्हाई म्हंजे न्हाई," म्हणाली आणि चिठ्ठी चुलीत घातली.

तेवढ्यात आईनं अंगणातून विचारलं, "काय ल्हिलंय गं?"

मी म्हटलं, "काही नाही निघालं."

हे मला आजीनं सांगायला सांगितलं नव्हतं. मी मनानं म्हटलं. आईचं तोंड माझ्याकडं अशा आशेनं वळलं होतं, की तेच म्हणावंसं वाटलं. ती हसली. बरं वाटतंय आता, म्हणाली, आणि सडा घालायला उठली. महिना-दीड महिना तिनं औषधाचं नाव काढलं नाही. तुला हॉस्पिटलात ती म्हणाली होती ना, "रिपोट चांगला व्हता," तो रिपोर्ट मी आहे.

तू गेल्यावर आठ दिवसांनी घरातल्या सगळ्यांची थुंकी तपासायची होती. टीबीच्या घरात करतातच. वरिष्ठ दुसऱ्या कुणाला पाठवणार होते, पण केशव सर स्वतः डोंगर चढून आले. कपाळावर तीन टाके, त्यावर पट्टी. आजीनं या वेळी गुमान डबी घेतली. माझ्यासमोर ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळ, तोंडातलं नाही, खोल छातीतलं. खोकून दाखव." मी खोकले. ते म्हणाले, "शाबास. असंच." ते ओळखून होते असं मला वाटतं. पण एका शब्दानं बोलले नाहीत. झाकणावर माझं नाव लिहिलं, दोनदा वाचून पाहिलं आणि तोच नमुना आहे ना म्हणून मला पण वाचायला लावलं. त्या दिवशी मला हे काम करायचं होतं. नोकरी लवकर लागते म्हणून नाही. फॉर्मवर हे कुठं लिहायचं?

तर असं आहे. तुझा डिप्लोमा माझ्यामुळं गेला, तुझं घर माझ्यामुळं सुटलं, आणि आई. आता तुझ्या सहीवर माझं शिक्षण अडलंय आणि मी ती मागते आहे, याची लाज मला वाटत नाही असं समजू नकोस. अठ्ठावीसला मी कोर्टात येईन आणि इथं लिहिलंय ते सांगेन, सही दे नाहीतर न दे. त्यानं तुझं नुकसान होईल का हे मला कळत नाही. मारलंस ते मारलंसच. पण तू चुकीच्या माणसाला मारलंस, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं होतं.

सोमवारपासून मी तहसीलच्या व्हरांड्यात बसते. सकाळी दहा ते पाच. तू आला नाहीस तर समजेन. प्रेरणाला हे पाकीट चिकटवून देते आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

मोहिनी


पुणे,
२१ ऑगस्ट

दादा,

पावती मिळाली. काल समितीच्या ऑफिसात प्रकरण दाखल झालं. तिथल्या साहेबांनी तुझा दाखला पाहिला आणि म्हणाले, हा आहे म्हणजे काही अडचण नाही. आज साडेतीनला कॉलेजात पावती दिली. सीट राहिली. तुला हे कळवणं माझं काम, म्हणून लिहिते. उत्तर नको.

मूळ दाखला फाईलीसकट प्रेरणाच्या हाती परत पाठवते आहे. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातला आहे, तू आणलास तशी खताची गोणी मला मिळाली नाही.

मंगळवारी तू दोनच्या गाडीनं परत गेलास. संध्याकाळी मी घरी पोचले तर आबा पावसात वाड्याच्या वळणावर घोंगडी घेऊन उभे होते. मी म्हटलं, दादा आला होता, सही दिली. त्यांनी विचारलं, "वाळलाय का?" मी म्हटलं, हो, थोडा. तुला मी सगळं लिहिलं, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही की रागावले नाहीत. रात्री जेवले नाहीत एवढंच.

अठ्ठावीसला मी येतेच आहे. वकिलांना आधी सांगून ठेव, त्यांची धांदल व्हायला नको. केशव सरांनाही मी पत्र टाकलं आहे.

तू मंगळवारी माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. सोमवार सगळा मी व्हरांड्यात बसून काढला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता तू भिजलेला आलास तेव्हा मी उठून उभी राहिले, आणि तू माझ्या बाजूनं असा गेलास, जसा खांबाच्या बाजूनं माणूस जातो. रांगेत तू पुढं, मी मागं. तुझी पाठ आबांसारखी झाली आहे. सगळा वेळ मी तेवढीच पाहत होते. माझ्या मनात एकच होतं, की तू सही करायला आला नसशील, माझं पत्र माझ्या तोंडावर फेकायला आला असशील. तसं केलं असतंस तरी मी ते उचलून घेतलं असतं.

खिडकीतल्या क्लार्कनं कागद पाहून विचारलं, "अर्जदार तुमची कोण?"

तू म्हणालास, "बहीन."

"सख्खी का चुलत? नीट सांगा, वंशावळीत लिहायचंय."

मागचा म्हातारा म्हणाला, उरका की राव, गाडी जाईल माझी. क्लार्कनं मान वर केली. "अहो, तुम्हाला विचारतोय. सख्खी का चुलत?" तुझे हात खिडकीच्या फळीवर होते, नखांत टायरचं काळं. मी त्या हातांकडं पाहत होते आणि ते फाईल उचलून घेतील म्हणून वाट बघत होते.

"सख्खी," तू म्हणालास. आणि मग हळू, क्लार्कलाही नीट ऐकू गेलं नसेल असं, "येका आईची."

क्लार्कनं फक्त सख्खी एवढंच लिहिलं.

मोहिनी